बंगाली इमोशन डिटेक्शन ६२ वर अडकलंय? मॉडेल बदलायच्या आधी टोकन छापून बघा

प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे पुढे कोणी वाचलं तर संदर्भ लागेल. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, बंगाली कमेंट्समधून सहा भावना ओळखायच्या (राग, भीती, किळस, दुःख, आनंद, आश्चर्य), डेटासेट नेटवरून घेतलेला. टीएफ-आयडीएफ आणि एसव्हीएमला (शब्द मोजून वर्गीकरण करणारी साधी पद्धत) ४८ टक्के येतायत, एलएसटीएमला (शब्द क्रमाने वाचणारं न्यूरल मॉडेल) ५१, बांग्लाबर्टला (बंगालीवर आधीच शिकवलेलं मॉडेल) ६२, आणि काही पेपरांमध्ये मात्र ९७-९८ दिसतायत. गाइड म्हणतात ओव्हरसॅम्पलिंग (कमी ओळी असलेल्या भावनांच्या ओळी वाढवणं) करा नाहीतर मोठं मॉडेल घ्या. ग्रुपमध्ये बंगाली कोणालाच येत नाही. तर कुठलं मॉडेल घ्यावं?

मी बरीच वर्षं भारतीय भाषांमधल्या टेक्स्ट क्लासिफिकेशनचंच काम करते आणि त्यात बंगालीचा वाटा मोठा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बंगाली वाक्यं मी देवनागरीत देतेय, उच्चाराप्रमाणे नाही तर तिकडच्या स्पेलिंगप्रमाणे, म्हणजे तुम्हाला ती डेटामध्ये शोधता येतील.

तुमच्या आकड्यांमधला मला खटकला तो ६२ नाही, ४८ खटकला. सोशल मीडियावरच्या छोट्या बंगाली कमेंट्सवर साधं एन-ग्रॅमवालं (सलग शब्दांचे किंवा अक्षरांचे छोटे तुकडे मोजणारं) मॉडेल ट्रान्सफॉर्मरच्या (बांग्लाबर्ट ज्या जातीचं आहे त्या मॉडेल्सच्या) बऱ्यापैकी जवळ जातं, कधीकधी पुढेही जातं. २०२१ मध्ये आलेला सेंटनोब (सुमारे पंधरा हजार कमेंट्स, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह-न्यूट्रल) आणि २०२२ चा इमोनोबा (बावीस हजारांच्या वर कमेंट्स, भावनांची लेबलं) हे दोन्ही डेटासेट मुद्दाम अशुद्ध, बोलीतल्या, चुकीच्या स्पेलिंगच्या मजकुरावर बनवलेत, आणि दोन्हीकडे हाताने काढलेल्या एन-ग्रॅम फीचर्सनी न्यूरल मॉडेल्सना मागे टाकलं असाच निष्कर्ष होता. मग तुमच्याकडे चौदा टक्क्यांची दरी कुठून आली? माझा अंदाज असा की एसव्हीएमपर्यंत बंगाली पोचतच नाहीये.

आता हे नीट बघा, कारण मराठीवर काम करणाऱ्यांनाही हेच लागू होतं आणि दर वर्षी कोणीतरी यात अडकतं. सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीतला टीएफआयडीएफ-व्हेक्टरायझर मजकुराचे शब्द म्हणजे टोकन तोडायला एक डिफॉल्ट पॅटर्न वापरतो, त्याचा अर्थ 'सलग दोन किंवा जास्त वर्ड-कॅरेक्टर'. इंग्रजीला ठीक आहे. पण पायथनच्या आरई मॉड्यूलच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, उकार, हसन्त (आपला हलन्त), अनुस्वार हे वर्ड-कॅरेक्टर नाहीत, फक्त मूळ अक्षर आहे. म्हणजे प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटतो आणि एकटं पडलेलं अक्षर टाकून दिलं जातं. 'खुब भालो लागलो' (खूप छान वाटलं) हे वाक्य आत टाका. 'खुब' मध्ये ख आणि ब उकाराने वेगळे पडतात, दोघेही गेले. 'भालो' चे भ आणि ल गेले. 'लागलो' मधला पहिला ल गेला, ग आणि ल शेजारीशेजारी आहेत म्हणून 'गल' एवढं वाचलं. संपूर्ण वाक्याचं उरलं काय तर 'गल'. 'आमार' (माझं) चं 'आम' होतं. आणि राग, घृणा, दुःख, हासि (हसू), कान्ना (रडू) हे पाचही शब्द, म्हणजे तुमच्या लेबलांसाठी सगळ्यात कामाचे, पूर्णपणे गायब होतात, एक टोकनसुद्धा उरत नाही. तरीही ४८ टक्के आले म्हणजे उरल्यासुरल्या तुकड्यांवर एसव्हीएमने बरंच काम केलंय.

उपाय अगदी छोटा आहे. टोकन-पॅटर्न बदलून 'स्पेस नसलेलं काहीही' असा करा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे अ‍ॅनलायझरला शब्दाच्या आतले कॅरेक्टर एन-ग्रॅम घ्यायला सांगा, दोन ते पाच लांबीचे. बंगालीत प्रत्यय शब्दाला चिकटतात (टा, गुलो, के, एर वगैरे), स्पेलिंग माणसागणिक बदलतं, त्यामुळे कॅरेक्टर एन-ग्रॅम इथे फार उपयोगी पडतात. एवढं करून परत चालवा. एसव्हीएम किती वर येतो ते आधीच सांगता येणार नाही, ते डेटावर अवलंबून आहे, पण ४८ वर राहिला तर मला खरंच आश्चर्य वाटेल.

क्लीनिंगचा कोड तुम्ही दिलेला नाही, पण तिथेही हाच धोका आहे. 'विरामचिन्हं काढा' म्हणून इंटरनेटवर जी एक ओळीची रेगेक्स (मजकूर शोधायचा-बदलायचा पॅटर्न) फिरते ती 'वर्ड-कॅरेक्टर आणि स्पेस सोडून सगळं उडवा' अशी असते, म्हणजे ती मात्राही उडवते. ती चालली असेल तर 'खुब भालो' चं 'खब भल' झालं आणि तेच तुम्ही बांग्लाबर्टलाही खायला घातलंत, मग तो ६२ आकडासुद्धा त्या मॉडेलचा खरा आकडा नाही. उलट बाजूने, केरास या लायब्ररीच्या जुन्या टोकनायझरमध्ये (मजकुराचे टोकन पाडणारं साधन) फक्त इंग्रजी विरामचिन्हांची यादी असते, बंगाली पूर्णविराम म्हणजे दाँडी त्यात नाही, त्यामुळे 'भालो' आणि दाँडी चिकटलेलं 'भालो।' हे एलएसटीएमसाठी दोन वेगळे शब्द. आणि कोणी गूगलच्या मल्टिलिंग्वल बर्ट या बहुभाषिक मॉडेलचं अनकेस्ड व्हर्जन (इंग्रजी कॅपिटल-स्मॉलचा फरक न ठेवणारं) सुचवलं तर घेऊ नका, त्याचा टोकनायझर अ‍ॅक्सेंट काढायच्या नावाखाली बंगालीचे उकार, हसन्त, चंद्रबिंदू, नुक्ता (अक्षराखालचं टिंब) पुसून टाकतो. केस्ड व्हर्जन घ्या, गूगलने स्वतःच तशी शिफारस केलेली आहे.

म्हणून शीर्षकात म्हटलंय तसं, कुठलाही टोकनायझर वापरा, पन्नासएक वाक्यांचे टोकन छापा आणि डोळ्यांनी बघा. बंगाली येत नसली तरी अक्षरं तुटली की दिसतं.

युनिकोडचं एक प्रकरण राहिलं. बंगालीत य, ड, ढ यांच्याखाली टिंब देऊन होणारी तीन अक्षरं दोन प्रकारे साठवली जातात, एकच कोड म्हणून किंवा अक्षर अधिक नुक्ता असे दोन कोड म्हणून. दिसायला डिट्टो सारखं, कॉम्प्युटरला वेगळं. ओकाराचंही तसंच, एकारात काना जोडूनही तो टाइप होतो. एनएफसी नॉर्मलायझेशन (युनिकोडची अक्षरं एकसारखी करायची ठरलेली पद्धत) केलं की ओकार जुळून एक होतो, पण ती टिंबवाली तीन अक्षरं मात्र जुळायच्या ऐवजी फुटतात, कारण युनिकोडने त्यांना अपवाद ठरवलंय. फुटलेली चालतात, जोडलेली चालतात, फक्त सगळीकडे एकसारखी हवीत आणि मॉडेल ज्या स्वरूपावर शिकलंय तशीच हवीत. ढाक्याच्या बीयूईटी म्हणजे बांगलादेश युनिव्हर्सिटी ऑफ इंजिनिअरिंग अँड टेक्नॉलॉजीच्या ग्रुपने बांग्लाबर्टबरोबर त्यांचा नॉर्मलायझरही दिलाय, तो टोकनायझरच्या आधी चालवायचा असतो असं त्यांनी स्पष्ट लिहिलेलं आहे आणि निम्मे लोक ती पायरी गाळतात. तुम्ही चालवलात का ते बघा. जुन्या साइटवरून काही उचललं असेल तर विजय कीबोर्डच्या काळातला नॉन-युनिकोड मजकूरही सापडू शकतो, आपल्याकडे श्रीलिपी-कृतिदेवचा जो त्रास तोच.

स्टॉपवर्ड (वारंवार येणारे किरकोळ शब्द) काढू नका. भावनांच्या कामात हा माझा जवळपास नियमच आहे. हे वाक्य घ्या: 'आमार आर किछु भालो लागे ना'. म्हणजे मला आता काहीच बरं वाटत नाही, कशातच मन लागत नाही. दुःखाचं लेबल. नेटवर मिळणाऱ्या बंगाली स्टॉपवर्ड याद्यांमध्ये आमार, आर, किछु आणि ना हे शब्द सर्रास असतात, ते काढले की शिल्लक राहतं 'भालो लागे', छान वाटतं. आनंद! मॉडेलचा यात काय दोष? बंगालीत नकार क्रियापदाच्या मागे येतो, आपल्यासारखाच, आणि भूतकाळात तो 'नि' होऊन क्रियापदाला चिकटतो. त्यात परत प्रत्येक 'ना' नकाराचा नसतो. 'बलो ना' म्हणजे सांग ना, लाडीगोडी. हा फरक हाताने नियम लिहून सोडवायच्या भानगडीत पडू नका, दोन-तीन शब्दांचे एन-ग्रॅम ठेवा किंवा ट्रान्सफॉर्मरला शिकू द्या, फक्त तो शब्द जागेवर राहू द्या.

लेक्सिकॉन म्हणजे भावनांच्या शब्दांची यादी वापरायचा विचार असेल तर सांभाळून. 'भीषण' हा शब्द भीतीच्या यादीत टाकावासा वाटतो, पण 'भीषण भालो' म्हणजे प्रचंड छान. आपणही 'भयंकर आवडलं' म्हणतोच की. 'हासते हासते मरे गेलाम' मध्ये मरण आहे पण माणूस हसून हसून मेलाय. अशा शब्दांचं वजन डेटातूनच ठरलेलं बरं.

आता रोमन लिपीतलं बंगाली. किती टक्के ओळी तशा आहेत ते आधी मोजा, निर्णय त्यावरच आहे. 'भालो' हा एकच शब्द ढाक्याचा माणूस बहुतेक व्ही-ए-एल-ओ असा लिहितो आणि कोलकात्याचा बी-एच-ए-एल-ओ. बांग्लाबर्ट मुख्यतः बंगाली लिपीवर शिकलाय, त्याला या शब्दांचे नुसते तुकडे दिसतात. अशा ओळी थोड्या असतील तर वेगळ्या काढून त्यांचा आकडा वेगळा दाखवा. खूप असतील तर गूगलचं म्युरिल वापरून बघा, ते २०२१ चं आहे, सतरा भाषांचं, आणि त्याच्या ट्रेनिंगमध्ये रोमन लिपीत लिहिलेला मजकूर मुद्दाम घातलाय. बीयूईटीचं बांग्लिशबर्ट नावाचंही एक मॉडेल आहे, नावावरून वाटतं ते रोमन बंगालीसाठी असेल, पण ते बंगाली आणि इंग्रजी अशा दोन भाषांचं मॉडेल आहे, त्या कामाचं नाही.

इथपर्यंतचं सगळं दोन-तीन दिवसांत उरकेल. पुढचा भाग वेळखाऊ आहे आणि माझ्या मते प्रोजेक्टचं खरं मोल तिथे आहे: तुमची लेबलं काय सांगतायत.

पहिलं म्हणजे भावना कोणाची? लिहिणाऱ्याची, वाचणाऱ्याची, की मजकुरातल्या पात्राची? चितगावच्या संशोधकांचा बीईमॉसी नावाचा डेटासेट फेसबुक-यूट्यूबच्या कमेंट्सबरोबरच ब्लॉग, गोष्टीची पुस्तकं आणि वर्तमानपत्रांमधूनही घेतलेला आहे. गोष्टीत 'मुलगी घाबरून पळाली' असेल तर भीती मुलीची आहे, लेखकाची नाही. बातमीत 'अपघातात पाच ठार' असेल तर लिहिणारा कोरडा आहे, दुःख वाचणाऱ्याचं. कमेंटमध्ये राग लिहिणाऱ्याचाच. तिघांवर एकच 'सॅडनेस', 'फिअर' चा शिक्का मारला की मॉडेल तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली शिकतं. तुमच्या डेटासेटच्या पेपरमध्ये अ‍ॅनोटेशनच्या सूचना (कुठल्या ओळीला कुठलं लेबल द्यायचं याचे नियम) असतील, त्या वाचा. मुलं सीएसव्ही उतरवतात आणि पेपर उघडतच नाहीत.

दुसरं, लेबलांचा संच. मानसशास्त्रज्ञ पॉल एकमनच्या सहा भावना घेऊन बंगालीत काम करायची पद्धत जुनी आहे, जादवपूर विद्यापीठाच्या दीपांकर दास आणि शिवाजी बंद्योपाध्याय यांनी २००९ मध्ये बंगाली ब्लॉगवर याच सहा भावनांचं टॅगिंग केलं होतं. बीईमॉसीतही त्याच सहा. इमोनोबामध्ये मात्र किळस नाही, तिच्या जागी प्रेम आहे, आणि एका कमेंटला एकापेक्षा जास्त भावना असू शकतात. त्यामुळे 'दोन डेटासेट जोडून मोठा करतो' असं ठरवाल तर घोळ होईल, तिकडचं प्रेम इकडे आनंदात ढकलायचं का, तिकडच्या लोकांनी किळस कशात टाकली असेल, याची उत्तरं कुठेच लिहिलेली नाहीत. जोडायचेच तर एकावर ट्रेन करून दुसऱ्यावर फक्त सामाईक लेबलांपुरतं तपासा, तो निकाल रिपोर्टमध्ये फार चांगला दिसतो कारण तो खरा असतो.

तिसरं, भावनाशून्य मजकूर. अनेक डेटासेटमध्ये ज्यात भावना नाही अशा ओळी गाळलेल्या असतात. प्रत्यक्षात कमेंट्सचा मोठा ढीग 'लिंक द्या', 'किंमत किती', 'फर्स्ट' अशांचाच असतो. सहाच खण दिलेत तर मॉडेल 'किंमत किती' लाही कुठलीतरी भावना चिकटवणार. डेमो दाखवायचा असेल तर न्यूट्रल खण हवाच.

आणि मग राग-किळस, राग-दुःख या जोड्या. तुमच्या कन्फ्युजन मॅट्रिक्समध्ये (कुठल्या लेबलाच्या जागी मॉडेलने कुठलं दिलं याचा तक्ता) बहुतेक चुका तिथे असतील, न बघताच सांगते. एक ओळ बघा: 'थाक, तोमाके आर किछु बलते हबे ना'. राहू दे, तुला आता काही बोलायची गरज नाही. जवळच्या माणसावर रुसलेलं वाक्य आहे, यात राग आहे, दुखावलेपण आहे, आणि 'समजूत काढ माझी' अशी अपेक्षाही आहे. एका अ‍ॅनोटेटरने राग दिला, दुसऱ्याने दुःख, तिसऱ्याच्या मताने जे जिंकलं ते लेबल. दोघांपैकी चुकीचं कोणीच नाही. मॉडेलने यावर 'दुःख' म्हटलं आणि तक्त्यात 'राग' असेल तर एक गुण गेला, पण मी ती चूक मानणार नाही. अशा ओळी बऱ्याच असतील तर सॉफ्टमॅक्सचा 'एकच निवडा' हट्ट सोडून मल्टि-लेबल करा, प्रत्येक भावनेला वेगळा सिग्मॉइड (ती भावना आहे का याचा स्वतंत्र अंदाज) आणि वेगळा थ्रेशोल्ड, थ्रेशोल्ड व्हॅलिडेशन सेटवर (ट्रेनिंग आणि टेस्टपासून वेगळा ठेवलेला भाग) ठरवलेला. अर्थात त्यासाठी लेबलंही तशी पाहिजेत, मूळ अ‍ॅनोटेटरांची स्वतंत्र मतं उपलब्ध असतील तर सोनंच.

उपरोधही यातच येतो. बांगलादेश मॅच हरल्यावर व्हिडिओखाली 'बाह टाइगार, दारुण खेला' अशी कमेंट येते. बंगालीत 'दारुण' म्हणजे मस्त, आणि क्रिकेट टीमला टायगर्स म्हणतात. नुसती ओळ वाचून आनंद, व्हिडिओ माहीत असेल तर राग. अ‍ॅनोटेटरला व्हिडिओचं शीर्षक दिसत होतं का? दिसत असेल तर तुम्ही मॉडेलला अशी गोष्ट ओळखायला सांगताय जी त्याला दिलेलीच नाही. इमोजीचंही असंच आहे, ते सरसकट काढू नका पण हसऱ्याला आनंद म्हणून मोजूही नका. फेसबुकचं 'हाहा' दुसऱ्याची टर उडवायला इतकं वापरलं जातं की २०२१ मध्ये बांगलादेशातल्या एका लोकप्रिय धर्मगुरूंनी त्याविरुद्ध फतवा काढला होता आणि त्याची बातमी जगभर झाली. किळस आणि राग या दोन्ही खणांत तुम्हाला तो हसरा चेहरा सापडेल.

बहुतेक मोठे डेटासेट बांगलादेशातल्या मजकुराचे आहेत हेही लक्षात असू द्या. तिथे 'आलहामदुलिल्लाह' आनंदाच्या कमेंटमध्ये येतं, 'इन्ना लिल्लाहि' मृत्यूच्या बातमीखाली. मॉडेल या शब्दांवर बरंच टेकलेलं असतं. तेच मॉडेल कोलकात्याच्या पेजवर नेलं, जिथे 'पानि' च्या जागी 'जल' आणि 'भाइ' च्या जागी 'दादा', की आकडा खाली येतो. किती येतो ते तुमच्या डेटावर आहे. सिलेटी किंवा चितगावच्या बोलीत लिहिलेलं असेल तर अजून वेगळी गोष्ट.

आता त्या ९७-९८ बद्दल. सगळे पेपर खोटे आहेत असं मी म्हणत नाही, पण सहा भावना आणि खऱ्या कमेंट्स असताना असा आकडा दिसला की मी पहिल्यांदा एकच गोष्ट शोधते: ओव्हरसॅम्पलिंग स्प्लिटच्या (डेटाचे ट्रेनिंग आणि टेस्ट असे भाग पाडण्याच्या) आधी केलंय की नंतर. भीतीच्या दोनशे ओळी होत्या, त्या कॉपी करून दोन हजार केल्या, आणि मग ८०-२० पाडलं, तर टेस्टमधली जवळपास प्रत्येक भीतीची ओळ ट्रेनिंगमध्ये आधीच आहे. पेपर फुटलेल्या परीक्षेतले मार्क आहेत ते. स्मोट (सारखी नवी उदाहरणं तयार करायची पद्धत) स्प्लिटच्या आधी केलं तरी तेच, इंग्रजीत नेऊन परत बंगालीत आणलेली ऑगमेंटेशनची वाक्यं असली तरी तेच. त्यामुळे गाइडना सांगा की ओव्हरसॅम्पलिंग करू, पण फक्त ट्रेनिंगच्या भागात. खरं तर मी आधी क्लास-वेट (कमी ओळींच्या भावनेतल्या चुकीला जास्त वजन) वापरते, बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

कॉपी-पेस्ट कमेंट्सही तपासा. बंगाली यूट्यूबवर एकच दुआ किंवा एकच घोषणा शंभर जण चिकटवतात. नॉर्मलाइझ करून, स्पेस-इमोजी काढून, ट्रेन आणि टेस्टमध्ये जुळणाऱ्या ओळी मोजा, जवळपास सारख्या ओळींसाठी कॅरेक्टर एन-ग्रॅमची जॅकार्ड समानता (दोन ओळींतले किती तुकडे सामाईक आहेत) काढा. व्हिडिओ किंवा पोस्टचा आयडी असेल तर स्प्लिट त्यानुसार करा, एका व्हिडिओच्या सगळ्या कमेंट्स एकाच बाजूला. आकडा पडेल. पडू द्या.

तुलनेसाठी एक आकडा देते: बीईमॉसीच्या आधीच्या, सहा हजारांवर ओळींच्या आवृत्तीवर २०२१ मध्ये सगळ्यात चांगलं ठरलं ते एक्सएलएम-आर हे बहुभाषिक मॉडेल, आणि त्याचा वेटेड एफ-वन (किती नेमकं ओळखलं आणि किती सुटलं हे दोन्ही मोजणारा आकडा) ६९.७३ टक्के होता. तुमचा डेटासेट वेगळा असेल तर थेट तुलना होत नाही, पण ६२ म्हणजे नापास असं अजिबात नाही हे त्यावरून कळतं. आणि अ‍ॅक्युरसी एकटी देऊ नका, मॅक्रो एफ-वन (सगळ्या भावनांना सारखं वजन देऊन काढलेली सरासरी) आणि प्रत्येक भावनेचा वेगळा एफ-वन द्या. राग-आनंदाच्या गर्दीत भीतीचा एफ-वन १५ असला तरी अ‍ॅक्युरसीला पत्ता लागत नाही.

तुमच्या डेटावर कमाल किती शक्य आहे हे कसं कळणार? त्यासाठी बंगाली माणूस लागेलच, त्याला पर्याय नाही. कॉलेजमध्ये, होस्टेलवर, ओळखीच्या आयटीवाल्यांमध्ये बंगाली बोलणारं कोणी ना कोणी सापडतंच. टेस्टमधल्या दोनशे ओळी लेबल झाकून त्यांना द्या, अ‍ॅनोटेशनच्या मूळ सूचनांसकट, आणि त्यांची उत्तरं मूळ लेबलांशी ताडून बघा, कोहेनचा कॅप्पा (दोन जणांची लेबलं किती जुळतात ते मोजणारा आकडा) काढा आणि मॅक्रो एफ-वनही काढा, जणू तो माणूस म्हणजेच एक मॉडेल. भाषा जन्मापासून बोलणाऱ्या माणसाचं मूळ लेबलांशी ७५ टक्के जुळलं, तर मॉडेलकडून ९५ ची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही आणि हे तुम्ही गाइडना पुराव्यानिशी दाखवू शकता. शक्य झालं तर दोन माणसं घ्या, एक पश्चिम बंगालची आणि एक बांगलादेशी बंगाली नीट समजणारी. चॅटजीपीटी वगैरेंना लेबल लावायला सांगणं कच्च्या पहिल्या फेरीसाठी चालेल, पण टेस्ट सेटची लेबलं त्यांच्याकडून घेऊ नका, मग तुम्ही एका मॉडेलची दुसऱ्या मॉडेलशी गाठ घालून देताय, बंगाली माणसाशी नाही.

मॉडेलबद्दल फार लिहायचं नाहीये. बांग्लाबर्ट ठीक आहे, साधारण अकरा कोटी पॅरामीटर, फुकटच्या कोलॅब जीपीयूवर आरामात चालतं. लांबी १२८ टोकन पुरे, लर्निंग रेट २ गुणिले दहाचा उणे पाचवा घात इथून सुरू करा, तीन ते पाच इपॉक (पूर्ण डेटाच्या फेऱ्या), थांबायचं कधी ते व्हॅलिडेशनच्या मॅक्रो एफ-वनवर. हे इलेक्ट्रा जातीचं मॉडेल आहे, कमी डेटावर कधीकधी ट्रेनिंग बिघडतं आणि सगळ्या ओळींना एकच लेबल देऊन बसतं, म्हणून पाच वेगळे सीड (ट्रेनिंगची सुरुवात ठरवणारे आकडे) चालवा आणि सरासरीबरोबर चढउतारही लिहा. दोन मॉडेलमधला फरक त्या चढउतारापेक्षा छोटा असेल तर 'आमचं मॉडेल सरस' असं लिहू नका. शेजारी एक्सएलएम-आर बेस आणि दुरुस्त केलेला एसव्हीएम ठेवा. तीन आकडे एका तक्त्यात, बास.

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की मराठीत डेटा नाही म्हणून बंगाली घेतली. आता तशी परिस्थिती नाही. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या संशोधन गटाने २०२१ मध्ये महासेंट हा मराठी ट्वीट्सचा सेंटिमेंट डेटासेट दिला, आणि २०२५ च्या सेमइव्हल स्पर्धेतल्या ब्रायटर या बहुभाषिक भावनांच्या डेटासेटमध्ये मराठी आहे, तोही मल्टि-लेबल. विषय बदलायला वेळ असेल तर मी मराठीच घेईन, कारण चुकलेल्या ओळी तुम्ही स्वतः वाचू शकाल, आणि या कामात ते सगळ्यात मोठं बळ आहे. वेळ नसेल तर बंगालीच पुढे न्या, पण वर म्हटलं तसं एक बंगाली माणूस बरोबर घेऊन.

टोकन-पॅटर्न बदलून एसव्हीएमचा नवा आकडा, क्लीनिंगची ती एक ओळ आणि कन्फ्युजन मॅट्रिक्स एवढं टाका. राग-किळस-दुःख या तीन खणांतल्या चुकलेल्या वीस-पंचवीस ओळीही टाका, मला बंगाली वाचता येतं, लेबल चुकलंय की मॉडेल ते ओळीगणिक सांगते.